वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचा आकडा आणि आपला रुपया

या वेळची बहुतेक पत्रं अमेरिकेच्या रोजगार अहवालाभोवती फिरणारी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : नोकऱ्यांचा आकडा अंदाजापेक्षा चांगला येतो, टीव्हीवर 'अर्थव्यवस्था भक्कम' म्हणतात आणि डॉलर मात्र पडतो. हे कसं? (इचलकरंजी)

उत्तर : कारण बाजार मथळ्यावर थांबत नाही. साधारणपणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स हा अहवाल काढतं. त्यातल्या चार गोष्टी बघायच्या : नव्या नोकऱ्या, आधीच्या दोन महिन्यांच्या आकड्यांत झालेली दुरुस्ती, बेरोजगारीचा दर आणि तासाच्या सरासरी वेतनातली वाढ. यातली दुरुस्ती सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते.

५ जुलै २०२४चा अहवाल बघा. जूनमध्ये २ लाख ६ हजार नोकऱ्या वाढल्या, अंदाज १ लाख ९० हजारांच्या आसपास होता. मथळा चांगलाच. पण त्याच कागदावर एप्रिलचा आकडा १ लाख ६५ हजारांवरून १ लाख ८ हजार आणि मेचा २ लाख ७२ हजारांवरून २ लाख १८ हजार केला होता. म्हणजे १६ हजारांची कमाई आणि १ लाख ११ हजारांची वजावट. वर बेरोजगारीचा दर ४.१ टक्क्यांवर गेला. डॉलर घसरला, आणि ते बरोबरच होतं. गंमत म्हणजे मेच्या ज्या २ लाख ७२ हजारांवर जूनच्या सुरुवातीला डॉलर उसळला होता, तोच आकडा महिन्याभरात ५४ हजारांनी खाली आला.

दुरुस्ती होते ती काही लबाडी नव्हे. आस्थापनांची उत्तरं वेळेत येत नाहीत. पहिला आकडा हाती आलेल्या उत्तरांवर काढतात, उरलेली पुढच्या दोन महिन्यांत येतात. बेरोजगारीचा दर तर वेगळ्याच पाहणीतून येतो, सुमारे ६० हजार घरांच्या. म्हणून नोकऱ्या वाढल्या आणि बेरोजगारीही वाढली, असं एकाच अहवालात दिसू शकतं.

आकडा येण्याआधी कागदावर चारही अंदाज लिहून ठेवा आणि शेजारी प्रत्यक्ष आकडे भरा. पहिल्या मिनिटातली उडी ही मथळा वाचणाऱ्या यंत्रांची असते, ती पुष्कळदा फिरते. फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, व्याजदराबद्दल बाजाराचं मत खरंच बदललं का, हे अमेरिकेच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्याच्या परताव्यावर लवकर कळतं. परतावा जागचा हलला नाही आणि डॉलर उडाला, तर त्या उडीवर फार विसंबू नका.

प्रश्न : आमचा टॉवेल निर्यातीचा धंदा आहे. दोन महिन्यांनी ४० हजार डॉलर यायचे आहेत. आपला बाजार ५ला बंद होतो आणि आकडा ६ला येतो. डॉलर उघडे (भाव न बांधता) ठेवून खाली स्टॉप लॉस लावला तर चालेल का? (सोलापूर)

उत्तर : नाही. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप जागी होणारी विक्रीची ऑर्डर, बाजार चालू असतानाच काम करते. अमेरिकेत सकाळी ८.३० म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळचे ६, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ७. रुपया-डॉलर फ्युचर्स (एक्स्चेंजवरचे पुढच्या तारखेचे करार) ५ला बंद झालेले असतात, मधे शनिवार-रविवार. ऑर्डरही त्या दिवसापुरतीच, सोमवारी पुन्हा टाकावी लागते. समजा ९०.२०चा ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) आणि ९०.१५ची लिमिट (त्याखाली विकायचं नाही) ठेवून विक्री लावली आणि बाजार थेट ८९.९०ला उघडला. ट्रिगर लागेल, पण ९०.१५ला घेणारा कोणी नाही. ऑर्डर लटकते आणि भाव आणखी खाली जाऊ शकतो.

त्यामुळे शुक्रवारी दुपारी ठरवायचं ते दिशेबद्दल नव्हे, किती डॉलर झाकायचे, म्हणजे त्यांचा भाव आधीच बांधून ठेवायचा, याबद्दल. आमचं मत : ज्या बिलाचा नफा पाच-सहा टक्क्यांचा आहे, त्याचा निदान निम्मा भाग आकड्याआधी झाकावा. उरलेल्याचं सोमवारी बघा.

झाकायचे दोन मार्ग. एक, बँकेत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारा करार. पैसे नक्की कुठल्या तारखेला येतील हे माहीत नसेल तर बँक काही दिवसांची मुदत-खिडकी देते, पण निर्यातदाराला प्रीमियम (पुढच्या तारखेसाठी आजच्या भावावर मिळणारे जादा पैसे) मिळतो तो खिडकी जिथे उघडते तिथपर्यंतचाच. महिनाभराची खिडकी मागितली तर तेवढ्या काळाचं प्रीमियम हातचं जातं. ग्राहक सहसा कधी पैसे पाठवतो याच्या जुन्या नोंदी काढा आणि खिडकी आठ-दहा दिवसांची करा.

दुसरा, एक्स्चेंजवरचे फ्युचर्स. लॉट, म्हणजे एक करार, १ हजार डॉलरचा, भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे एका लॉटमागे अडीच रुपये. २० लॉट विकले आणि डॉलर ६० पैशांनी वर गेला, तर १२ हजार रुपये लगेच खात्यातून जातात. तुमच्या येणाऱ्या डॉलरची किंमत तेवढीच वाढलेली असते, पण ती रक्कम दोन महिन्यांनी मिळणार. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो : मार्जिनसाठी (एक्स्चेंजकडे ठेवायच्या अनामतीसाठी) रोकड नसते, घाबरून लॉट तोडले जातात, आणि मग रुपया वधारतो तेव्हा झाकण उरलेलं नसतं. मार्जिनखेरीज निदान दोन रुपयांच्या हालचालीची रोकड, म्हणजे २० लॉटना ४० हजार, बाजूला ठेवा.

आणखी दोन अडचणी. करार महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी १२.३०ला संपतो. पैसे ३० तारखेला येणार असतील तर पुढच्या महिन्याचा करार घ्या. हिशेब एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या संस्थेच्या संदर्भ दराने होतो, तुमच्या बँकेच्या दराने नाही, तेव्हा काही पैशांचा फरक राहणारच. शिवाय मे २०२४पासून प्रत्यक्ष देणंघेणं असल्याशिवाय रुपयाच्या करन्सी करारांत उतरता येत नाही. तुमच्याकडे बिल आहे, प्रश्न नाही. फक्त तेच बिल बँकेत फॉरवर्डला आणि इथेही, असं दोनदा झाकू नका.

प्रश्न : ट्रेडर मंडळींच्या ग्रुपवर 'नंबर हॉट, डॉलर बिड, एनडीएफ ३५, नॅशनलाइज्ड ऑफरला' असे निरोप येतात. यातलं कामाचं काय? (ठाणे)

उत्तर : कामाचा तेवढा एनडीएफचा भाव, तोही नीट वाचला तर. सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्कमध्ये रुपयाचे पुढच्या तारखेचे सौदे होतात, तेच एनडीएफ; त्यांत रुपया हातात येत नाही, फरक डॉलरमध्ये चुकता होतो. आपला बाजार झोपलेला असताना आकड्याचा परिणाम तिथे दिसतो. पण ग्रुपवर टाकलेला भाव बहुधा एका महिन्याचा असतो. एक महिन्याचा एनडीएफ ९०.३५ आणि महिन्याचं प्रीमियम १५ पैसे असेल, तर स्पॉट, म्हणजे आत्ताचा भाव, ९०.२०. नवखे लोक ३५ला शुक्रवारच्या स्पॉटशी ताडून बघतात आणि 'सोमवारी १५ पैसे वर उघडणार' म्हणून मोकळे होतात.

आकडा फक्त पैशांत सांगतात, आधीचा रुपया गृहीत असतो; रुपया बदलण्याच्या वेशीवर असेल तेव्हा 'शून्य-पाच' कुठल्या रुपयावरचं हे विचारून घ्या. 'हॉट' म्हणजे अंदाजापेक्षा तापलेला आकडा, 'डॉलर बिड' म्हणजे घेणारे जास्त. 'नॅशनलाइज्ड ऑफरला' म्हणजे सरकारी बँका डॉलर विकतायत. लगेच 'आरबीआय आली' असा निष्कर्ष निघतो. असेलही, किंवा त्या बँकेच्या एखाद्या मोठ्या ग्राहकाचा सौदा असेल. रिझर्व्ह बँकेने महिन्यात किती डॉलर घेतले-विकले हे तिच्या बुलेटिनमध्ये सुमारे दोन महिन्यांनी छापून येतं. त्या क्षणी ग्रुपवरच्या कोणालाच खात्री नसते, म्हणणारा कितीही ठामपणे म्हणो.

प्रश्न : डॉलर इंडेक्स पडला की रुपया वधारायला हवा ना? (नाशिक)

उत्तर : इंडेक्स डॉलरची किंमत इतर काही चलनांपुढे मोजतो, पण त्यांत रुपया नाहीच. सहा चलनं आहेत, त्यांत एकट्या युरोचं वजन ५७.६ टक्के, मग येन १३.६, पौंड ११.९, आणि उरलेल्यांत कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्विस फ्रँक. चीनचा युआनही नाही. १ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेचा आकडा ७३ हजारांचा आला, आणि मे-जूनमधून मिळून २ लाख ५८ हजार नोकऱ्या वजा झाल्या. इंडेक्स एका दिवसात एक टक्क्याहून जास्त आपटला. पण ३० जुलैला ट्रम्प यांनी भारतावर २५ टक्के आयातशुल्क जाहीर केलं होतं, आणि सोमवारी ४ ऑगस्टला रुपया शुक्रवारच्या बंद भावापेक्षा घसरला. रुपयासाठी इंडेक्सच्या जोडीला ब्रेंट तेलाचा भाव, परदेशी संस्थांची शेअरबाजारातली विक्री आणि युआन बघा.

प्रश्न : मुलाची अमेरिकेतली फी भरायची आहे, २० हजार डॉलर. आकडा येईपर्यंत थांबू का? (पुणे)

उत्तर : थांबू नका. आकड्याने भाव २० पैसे इकडेतिकडे होईल, म्हणजे ४ हजार रुपये. बँकेने कार्ड रेट (किरकोळ ग्राहकांसाठी जाहीर केलेला भाव) लावला तर त्याहून जास्त जाऊ शकतात. शाखेत फक्त 'आजचा रेट काय' असं न विचारता आंतरबँक भावावर (बँका आपसांत ज्या भावाने सौदे करतात त्यावर) किती पैसे मार्जिन, म्हणजे स्वतःचा नफा, लावणार, हे विचारा आणि ईमेलवर घ्या. सकाळी १०नंतर, बाजार चालू असताना सौदा करा. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ नोंदणी करून वापरता येतं. तुमच्या बँकेची सोय आहे का ते बघा, नोंदणीला वेळ लागतो. फीची तारीख लांब असेल तर रक्कम दोन-तीन भागांत पाठवा.

प्रश्न : एका अॅपवर युरो-डॉलरमध्ये पाचशेपट लिव्हरेज (भरलेल्या पैशांच्या पाचशेपट सौदा) देतात, आकड्याच्या वेळी खेळावं का? (नागपूर)

उत्तर : नाही. अनधिकृत परदेशी व्यासपीठावर मार्जिनचे पैसे पाठवणं फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) विरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा नावांची अॅलर्ट लिस्ट आहे. यादीत नाव नाही म्हणून अॅप अधिकृत ठरत नाही. पाचशेपटीत पाव टक्क्याच्या हालचालीने सगळी रक्कम संपते, आणि रोजगाराच्या आकड्यावर युरो तेवढा काही सेकंदांत हलतो. युरो-डॉलरचे करार आपल्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर संध्याकाळी ७.३०पर्यंत चालतात, पण सौदे तुरळक आणि घेण्या-विकण्याच्या भावांत अंतर मोठं. पैसे आधीच भरले असतील आणि परत मिळत नसतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि ज्या खात्यात रक्कम गेली त्याचं नाव जवळ ठेवा.