पापणीच्या ऑपरेशननंतर डोळा पूर्ण मिटत नाही, लगेच दुसरं ऑपरेशन करावं का?

ऑपरेशनला सहा आठवडे झालेत, खालची पापणी ओढल्यासारखी दिसते आणि झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, असं तुम्ही लिहिलंय. मी यातून गेले आहे. दुसरं ऑपरेशन लांबवा, पण डोळा तपासून घेणं एक दिवसही लांबवू नका.

डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम होऊ शकते. दुखतंय, लाल झालाय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एरवी दुसऱ्या ऑपरेशनआधी साधारण सहा महिने थांबतात, पण बुबुळ धोक्यात असेल तर हा नियम लागू होत नाही.

माझ्या डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या होत्या. उजवी पापणी खाली ओढली गेली, बुबुळाखालचा पांढरा भाग दिसायला लागला. आरसा टाळायचे मी. दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम आणि पट्टी, शिवाय डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पापणी वरच्या दिशेने सरकवत मसाज, एवढंच चाललं होतं. आतला व्रण सुरुवातीला आकसतो, मग ३ ते ६ महिन्यांत हळूहळू मऊ होतो. कडक व्रणावर पुन्हा सुरी लावली तर नवा व्रण वाढतो. चौथ्या महिन्यात माझी पापणी बरीच वर आली. राहिलेलं सातव्या महिन्यात, बाहेरच्या कोपऱ्यात टाके घालून पापणी ताणून घेतली.

तुमचंही असंच होईल असं नाही, कारण उपाय कारणावर ठरतो. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: पापणी सैल पडलीय, आतला व्रण ओढतोय, की कातडीच जास्त कापली गेलीय? सैल असेल तर कोपरा घट्ट करतात. व्रण ओढत असेल तर तो सोडवून, गरज पडल्यास तोंडातल्या टाळूचा किंवा कानाच्या कूर्चेचा (लवचिक हाडाचा) छोटा तुकडा आधाराला बसवतात. कातडी कमी पडली असेल तर वरच्या पापणीची किंवा कानामागची कातडी लावावी लागते, आणि तिचा रंग थोडा वेगळा दिसू शकतो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

पापण्यांच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या ऑक्युलोप्लास्टिक सर्जनचं, म्हणजे पापण्या आणि डोळ्यांभोवतीच्या प्लास्टिक सर्जरीच्या तज्ज्ञाचं, मत घ्या. जाताना ऑपरेशनआधीचे फोटो आणि पहिल्या ऑपरेशनचे कागद न्या. पापणी मुळात कशी होती, किती कातडी काढली, हे त्यावरूनच कळतं.