इंदूरला घरामागे 20 बाय 25 फुटांचं अंगण आहे. मुलं 8 आणि 13 वर्षांची. बास्केटबॉलची रिंग लावावी का?

नक्की लावा. पूर्ण कोर्ट 28 बाय 15 मीटरचं असतं, त्याचा विचारच सोडा. फ्री थ्रोची, म्हणजे कोणी न अडवता फेक करायची रेषा रिंगमागच्या बोर्डापासून साधारण 4.6 मीटर, म्हणजे 15 फुटांवर असते, ती तुमच्या अंगणात आरामात बसते.

खरा प्रश्न उंचीचा आहे. मोठ्यांची रिंग 10 फुटांवर असते, पण 8 वर्षांच्या मुलाला तिथे चेंडू पोचवायला सगळं अंग झोकावं लागतं आणि तीच चुकीची सवय हाताला लागते. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती 2.60 मीटरवर, म्हणजे साडेआठ फुटांवर असते. म्हणून उंची कमी-जास्त करता येणारा खांबच घ्या. धाकट्याला 5 नंबरचा, म्हणजे लहानांच्या मापाचा चेंडू द्या.

गच्चीच्या विटांच्या कठड्याला रिंग ठोकू नका, हे कळकळीने सांगतो. मुलं लोंबकळतातच! आमच्याकडे असाच कठडा तडकला, नशिबाने खाली कोणी नव्हतं. खांब काँक्रीटमध्ये पक्का रोवा, त्याला फोमचं आवरण घाला.

फरशी गुळगुळीत नको. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. खरखरीत काँक्रीट करा, पाणी वाहून जाईल इतका उतार ठेवा.

दुपारी शेजारचे आजी-आजोबा झोपतात, तेव्हा चेंडू बंद. संध्याकाळी मात्र तुम्ही दोघंही उतरा. आमच्याकडे सगळ्यात जास्त बास्केट मुलांची आई करते. थोरल्याला पुढे गोडी लागली तर रेसकोर्स रोडचं बास्केटबॉल कॉम्प्लेक्स आहेच.