अडकून पडशील तेव्हा

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं काढल्यावर, एकतिसाव्या वर्षी नोकरी सोडून कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला जावं का, असं तू विचारलं आहेस. पण अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ आहे: ‘ताई, उशीर तर नाही ना झाला?’ मला वाटतं, तुला खरं तेवढंच विचारायचं होतं.

तर आधी वयाचं बोलून घेऊ. ग्रेस हॉपर गणित शिकवायच्या. 1943 मध्ये त्या अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या आणि 1944 मध्ये हार्वर्डच्या मार्क वन या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करायला रुजू झाल्या, तेव्हा त्यांचं वय 37 होतं. प्रोग्रॅम लिहिणं हे काम त्या वेळी जगात मूठभर माणसं करत होती. पुढे 1952 मध्ये त्यांनी ए-झीरो बनवला, आज ज्याला कंपायलर म्हणतात, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत बदलणारा, त्या जातीच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमांपैकी एक. मी स्वतः परत वर्गात बसले तेव्हा 33 वर्षांची होते. वय आड आलं नाही. आड आलं ते वेगळंच, आणि त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

त्याआधी सात वर्षं मी हिशेब विभागात होते. ताळेबंद जुळत नसला की लोक फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे. आपल्याला काम येतं ही जाणीव इतकी अंगात मुरलेली असते की ती आहे हेही कळत नाही. ती गेली की कळतं. दुसऱ्या महिन्यात आम्हाला लिंक्ड लिस्ट उलटी करायची असाइनमेंट मिळाली. अशा यादीत प्रत्येक खोक्यात दोन गोष्टी असतात: एक किंमत आणि पुढच्या खोक्याचा पत्ता. तो पत्ता आपण बाण काढून दाखवतो. यादी उलटी करायची म्हणजे प्रत्येक बाण मागच्या खोक्याकडे वळवायचा. ऐकायला सोपं. माझ्या बाकावरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ते अर्ध्या तासात करून दाखवलं आणि तो खेळायला गेला. मी रात्री अकरापर्यंत लायब्ररीत होते. प्रोग्रॅम चालायचा, पण उलटी झालेली यादी म्हणून एकच खोकं छापायचा. बाकीची यादी गायब.

शेवटी कॉम्प्युटर बंद केला, वहीच्या पाठपानावर पाच खोकी काढली आणि माझ्याच कोडची एकेक ओळ वाचत पेन्सिलीने बाण खोडून वळवत गेले. तिसऱ्या ओळीला सापडलं. पुढच्या खोक्याचा पत्ता बाजूला लिहून ठेवण्याआधीच मी बाण मागे वळवत होते. एकदा बाण वळला की पुढची साखळी हातातून सुटलीच, तिच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता नाही. दोन ओळींची अदलाबदल केली आणि यादी उलटी झाली. अशा पत्त्याला पॉइंटर म्हणतात. त्या रात्री मला पॉइंटर म्हणजे काय हे कळलं. त्याआधी मला त्याची फक्त व्याख्या पाठ होती.

सांगायचं ते हेच आहे. तू फी भरशील, पगारावर पाणी सोडशील, ते अशा अडकलेल्या तासांसाठी. व्याख्यानं बाहेरही मिळतात. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2001 मध्येच आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करत असल्याचं जाहीर केलं होतं आणि आज चांगल्यातली चांगली शिकवणी घरबसल्या फुकट ऐकता येते. पण एकटीने शिकताना अडलं की माणूस सहज पुढच्या व्हिडिओवर जातो. विद्यापीठात तसं जाता येत नाही. सोमवारी असाइनमेंट द्यायची असते, शेजारी आणखी चार जण तिथेच अडलेले असतात, आणि जो विषय तू स्वतःहून कधीच निवडला नसतास तो सक्तीचा असतो. माझ्यासाठी तो विषय डिस्क्रीट मॅथ होता, म्हणजे सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित. इंडक्शनने, म्हणजे आधी सगळ्यात लहान उदाहरण आणि मग एकावरून पुढचं अशा पायऱ्यांनी, सिद्धता लिहिताना मला सारखं वाटायचं, याचा नोकरीत काय उपयोग? पुढे रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्रॅम, शिकताना लक्षात आलं की ही तर तीच विचार करायची पद्धत आहे: सगळ्यात लहान प्रश्न सोडव, मग मोठा प्रश्न लहानावर नेऊन ठेव.

अल्गोरिदमच्या, म्हणजे प्रश्न सोडवायच्या रीतींच्या, तासाला आकडे पुढे आले की तुझे डोळे उघडतील, माझे उघडले होते. दहा लाख नोंदी आहेत आणि त्यात दुबार नोंदी शोधायच्या आहेत असं समज. प्रत्येक नोंद प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची म्हटलं तर साधारण एक लाख कोटी पायऱ्या होतात. आधी क्रमाने लावून घेतल्या आणि मग फक्त शेजारच्या नोंदी ताडल्या तर सुमारे दोन कोटींत काम भागतं. सेकंदाला शंभर कोटी पायऱ्या करणाऱ्या यंत्रालाही पहिल्या रीतीने सोळा-सतरा मिनिटं लागतील. दुसऱ्या रीतीने डोळ्याची पापणी लवायच्या आत झालेलं असेल. यंत्र तेच, फरक फक्त विचारात. हिशेब विभागात मी महिनाअखेरीला तासन्‌तास ज्या प्रोग्रॅमची वाट बघत बसायचे, तो आठवून मला त्या वर्गात अक्षरशः रडू आलं होतं.

आता कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दल. तू विचारलं नाहीस, पण वापरणार आहेसच. कामाला लागल्यावर खुशाल वापर, मीही वापरते. शिकताना मात्र आधी स्वतःचं, चुकलेलं का होईना, पूर्ण लिहून काढ. मग विचार, आणि तेही ‘माझं कुठे चुकलं’ असं. उत्तर आयतं मागितलंस तर माझ्या त्या रात्रीसारखी रात्र तुझ्या हातून जाईल. परीक्षेत कदाचित निभावेल. पहिल्या नोकरीत दुसऱ्याने लिहिलेला, बंद पडलेला प्रोग्रॅम समोर आला की इथेच घोडं पेंड खाईल.

‘सहा वर्षं वाया गेली’ असं लिहिलं आहेस, ते मला पटलं नाही. रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावायच्या आधी तू मशीनवर कंट्रोल लावतेस ना? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. तो ठरलेल्या मर्यादेत आला तरच पुढचं काम, नाहीतर रुग्णाचा नमुना मशीनवर लावायचा नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच टेस्ट लिहिणं म्हणतात आणि वर्गातल्या मुलांना ती शिस्त लावता लावता शिक्षक थकतात. तुला ती सवय आहे, कारण चुकीचा रिपोर्ट गेला तर कुणाचं काय होऊ शकतं हे तू पाहिलं आहेस. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये काय खटकतं, एकाच नावाचे दोन रुग्ण आले की कुठे गोंधळ होतो, हे तुला जितकं माहीत आहे तितकं ते लिहिणाऱ्यांनाही नसतं. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट त्यातूनच निवड.

व्यवहाराचं थोडक्यात लिहिते. राजीनामा लगेच देऊ नकोस. नोकरीत असतानाच चार-सहा महिने संध्याकाळी एक प्रोग्रॅमिंगचा आणि एक डिस्क्रीट मॅथचा कोर्स पूर्ण कर. अर्धवट नको, परीक्षा देऊन. अडल्यावर तुला चीड येते की कुतूहल वाटतं, ते तेव्हाच कळेल. चीड तर येणारच, पण दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं का ते बघ. पैशांचा हिशेब करताना नुसती फी धरू नकोस, न मिळणारा पगार धर आणि पदवीनंतर नोकरी मिळेपर्यंतचे महिनेही धर. तुझ्याकडे आधीची पदवी आहे, तेव्हा पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्याआधी दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे का, आधीच्या पदवीचे काही विषय माफ होतात का, हे विद्यापीठाला लेखी विचार. नोकरी सांभाळून करायचं असेल तर तोही मार्ग आहे. अमेरिकेतलं जॉर्जिया टेकसारखं विद्यापीठ 2014 पासून कॉम्प्युटर सायन्सची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन देत आहे. वेळ जास्त लागतो, पण घर चालतं. आणि कुठलाही अभ्यासक्रम निवडताना त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि अल्गोरिदम हे विषय आहेत का ते पाहा. नुसत्या चालू फ्रेमवर्कांची, म्हणजे प्रोग्रॅम बनवायच्या तयार सांगाड्यांची, यादी असेल तर त्यासाठी विद्यापीठात जायची गरज नाही.

हे सगळं वाचूनही जावंसं वाटत असेल, तर जा. मला मनापासून आनंद होईल.

तोवर एक काम देते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उतरवून घे. शून्यापासून सुरुवात करून लूपमध्ये, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवत, दहा वेळा 0.1 मिळव आणि उत्तर छाप. 1 येणार नाही, 0.9999999999999999 येईल. हिशेबातून आलेल्या मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा कॉम्प्युटर बिघडला असंच वाटलं होतं. मग तसंच 0.125 आठ वेळा मिळव. तिथे अचूक 1 येतो. असं का, ते शोध. एकच खूण सांगते: एक भागिले तीन दशांशात लिहायला घेतलंस तर काय होतं ते आठव, आणि यंत्राकडे दहा अंक नसून दोनच आहेत हे लक्षात ठेव. चार दिवस लागले तरी चालतील. कुणाला विचारू नकोस, वहीवर कर, आणि सुटलं की ते पान तसंच, खाडाखोडीसकट, मला पाठव.

तुझी,
ताई