इंदूरला राजवाड्याजवळच्या चावीवाल्याकडून चिपवाल्या कारची दुसरी किल्ली करून मिळेल का?
नुसती घासून केलेली किल्ली दार उघडेल, गाडी मात्र चालू होणार नाही. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बारीकशी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते नि कोड वाचते. कोड जुळला नाही तर इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरी रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, इंजिन चालू देत नाही. (म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी चालू होते.) तेव्हा चावीवाल्याला आधी विचारा, ‘भिया, कोडिंग की मशीन है क्या?’ ती मशीन स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायची जागा) जोडून नवी चिप गाडीत नोंदवावी लागते. दोन्ही किल्ल्या हरवल्या असतील तर मात्र आरसी आणि ओळखपत्र घेऊन सरळ कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठा. खर्च बराच येईल.