ऑनलाइन बातम्यांत भटक्या-विमुक्तांना कायम गुन्हेगारच का दाखवतात?

कारण इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला पण डोक्यातून गेलाच नाही. न्यूज पोर्टलवर बघा, 'पारधी टोळी जेरबंद' अशी हेडिंग सर्रास असते, बाकी कुणी चोरी केली तर हेडिंगमध्ये जात येते का? मग व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला की लोक आधी यांच्याकडेच बघतात. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात तेच झालं, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले, आणि वर त्याचे व्हिडिओही फिरवले. आरोपीची जमात हेडिंगमध्ये टाकणं संपादकांनी आजच बंद करावं, त्याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.