नावाजलेला स्टॅलियन आणि त्याच्याकडे जाणारी घोडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पशुवैद्यकाची पदवी हाती आल्यावर शहरात दवाखाना न थाटता पुण्याजवळच्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रावर, काम करायचे तू ठरवलेस, हे मला मनापासून आवडले. या धंद्यात घोड्याच्या पायातले आणि पोटातले कळणारी माणसे नेहमीच कमी पडतात. नुसती पेडिग्री, म्हणजे वंशावळ, तोंडपाठ असणाऱ्यांचा मात्र कधी तुटवडा नसतो. सध्या ज्या स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेल्या नर घोड्याची, शिंगरे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जिंकत आहेत, त्याच्याकडेच यंदा सगळ्या चांगल्या घोड्या पाठवाव्यात असे मालकांच्या मनात आहे आणि तुझे मत विचारले तर काय सांगावे, असा तुझा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘पाठवू नका’ असे नाही. घोडीचा हिशेब आधी मांडावा आणि स्टॅलियनचे नाव शेवटी लिहावे, असे मी सांगेन. त्यामागची कारणे जरा विस्ताराने लिहितो.

शिंगराला निम्मे रक्त बापाचे आणि निम्मे आईचे मिळते, हे तुला मी सांगायला नको. तरीही कीर्ती बहुतेक सगळी बापाच्या वाट्याला जाते, याचे कारण केवळ संख्या आहे. घोडी अकरा महिने पोटात वाढवून वर्षाला एक शिंगरू देते, तर मागणी असलेला स्टॅलियन त्याच हंगामात शंभरावर, परदेशात कधी दोनशेवर घोड्या फळवतो. एवढ्या शिंगरांतून पाचसहा नामवंत निघाली की वर्तमानपत्रांत त्याचे नाव सारखे झळकते, आणि जी उरलेली शिंगरे कधी जिंकली नाहीत किंवा मैदानापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांची यादी कोणी छापत नाही. घोडे पेंड खाते ते इथेच.

नॉर्दर्न डान्सरचे उदाहरण घे, कारण आजचा जवळजवळ प्रत्येक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) वंशावळीत त्याच्यापाशी जाऊन पोचतो. कॅनडातल्या विंडफील्ड्स फार्मवर २७ मे १९६१ रोजी, म्हणजे हंगामाच्या अगदी शेवटी, तो जन्मला. उत्तर गोलार्धात सगळ्या घोड्यांचे वय १ जानेवारीला वाढत असल्यामुळे तो आपल्या वर्षातल्या इतरांपेक्षा लहानखुरा राहिला आणि यरलिंग, म्हणजे वर्षाचे शिंगरू, असताना २५,००० डॉलर्सना विक्रीला ठेवला तेव्हा त्याला गिऱ्हाईकच मिळाले नाही. १९६४ साली त्याच बुटक्या घोड्याने दोन मिनिटांच्या विक्रमी वेळात केंटकी डर्बी जिंकली आणि पाठोपाठ प्रीकनेसही. स्टडवरच्या पहिल्या हंगामात एका घोडीमागे त्याची फी १०,००० डॉलर्स होती. १९८० च्या दशकात घोडी गाभण राहील याची कसलीही हमी नसताना लोक दहा लाख डॉलर्स मोजू लागले. मात्र तुझ्या वहीत वेगळीच गोष्ट उतरवून घे. त्याची एकूण शिंगरे सुमारे साडेसहाशे, म्हणजे वर्षाला सरासरी तीसच्या आतबाहेर, आणि त्यांतली दीडशेच्या जवळपास मानाच्या स्टेक्स शर्यती जिंकणारी होती. शंभरात दहा असे घोडे देणारा स्टॅलियनही उत्तम गणला जातो. इथे ते प्रमाण शंभरात वीसच्या वर आहे. थोरवी मोजायची तर अशी, एकूण शिंगरांच्या संख्येने भागून.

मैदानावरचा पराक्रम आणि स्टडवरचा पराक्रम यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही. १९८४ साली आयर्लंडमध्ये व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या तबेल्यात नॉर्दर्न डान्सरची दोन मुले एकाच वेळी होती, एल ग्रान सेन्योर आणि सॅडलर्स वेल्स. पहिला टू थाउजंड गिनीज जिंकून एप्सम डर्बीला उतरला आणि सेक्रेटोकडून अगदी निसटता हरला. (सेक्रेटो हाही नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा, आणि त्याचा ट्रेनर व्हिन्सेंट यांचा मुलगा डेव्हिड, शर्यतीच्या इतिहासात घरच्या घरात इतका मोठा डाव क्वचितच हरला गेला असेल.) सॅडलर्स वेल्स चांगला घोडा होता, पण तबेल्यात त्याचा मान दुसरा. पुढे स्टडवर एल ग्रान सेन्योरची प्रजननक्षमता कमी निघाली, आणि सॅडलर्स वेल्स ब्रिटन व आयर्लंडमध्ये चौदा वेळा अव्वल स्टॅलियन (वर्षात ज्याच्या संततीची कमाई सर्वाधिक तो) ठरला. त्याचा सख्खा भाऊ फेअरी किंग आयुष्यात एकदाच धावला आणि जखमी झाला; तरी १९९६ च्या आर्क द त्रिओंफ या फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीचा विजेता हेलिसिओ त्याचाच. उलट पहिला दुबई वर्ल्ड कप जिंकणारा सिगार पूर्ण वांझ निघाला. म्हणून तू पशुवैद्य या नात्याने स्टॅलियनची प्रजननक्षमतेची नोंद मागशील, तेव्हा संकोच बाळगू नकोस. ‘एवढा मोठा घोडा आहे’ हे तिथे उत्तर होऊ शकत नाही.

आता घोड्यांच्या आयांकडे वळू. सॅडलर्स वेल्सचा मुलगा गॅलिलिओ बापाच्याच तोलाचा ठरला: बारा वेळा अव्वल, पाच एप्सम डर्बी विजेत्यांचा बाप, शिवाय चौदा शर्यतींत अजिंक्य राहिलेला फ्रँकल त्याचाच. या यशाचे श्रेय सगळे सॅडलर्स वेल्सला देऊन लोक मोकळे होतात. पण गॅलिलिओची आई अर्बन सी हिने १९९३ साली स्वतः आर्क जिंकली होती, आणि केप क्रॉस या वेगळ्याच स्टॅलियनपासून तिने सी द स्टार्सला जन्म दिला, ज्याने २००९ च्या एकाच मोसमात गिनीज, डर्बी आणि आर्क घेतली. दोन वेगळ्या बापांपासून असे दोन पुत्र होतात, तेव्हा समान धागा कोण, हे उघडच आहे. याहून मला विलक्षण वाटते ती आल्महमूद नावाच्या घोडीची गोष्ट. तिची एक मुलगी नताल्मा, तिचा मुलगा नॉर्दर्न डान्सर. दुसरी मुलगी कॉस्मा, तिचा मुलगा हेलो, आणि हेलोचा मुलगा संडे सायलेन्स. या संडे सायलेन्सला यरलिंगच्या लिलावात कोणी घेतले नव्हते; १९८९ ची केंटकी डर्बी जिंकल्यावरही अमेरिकेतल्या ब्रीडर्सनी त्याच्याबद्दल उत्साह दाखवला नाही, म्हणून झेन्या योशिदा यांनी त्याला जपानला नेले. तिथे तो १९९५ ते २००७ सलग तेरा वर्षे अव्वल राहिला आणि त्याच्या डीप इम्पॅक्ट या मुलाने पुढे तीच गादी चालवली. युरोपातली आणि जपानमधली ही दोन साम्राज्ये एकाच घोडीच्या दोन मुलींच्या पोटी उभी राहिली आहेत. लिलावाच्या कॅटलॉगच्या पानावर बापाचे नाव वर असते आणि आईकडची हकीकत खाली बारीक टायपात. तू वाचन खालून सुरू करत जा.

तू विचारशील की हे प्रत्यक्ष मोजायचे कसे. अमेरिकेत त्यासाठी दोन आकडे छापून येतात. पहिल्यात स्टॅलियनच्या मुलांची सरासरी कमाई सगळ्या घोड्यांच्या सरासरीला १ धरून मांडतात. दुसऱ्यात ज्या घोड्या त्याच्याकडे गेल्या, त्यांनी इतर स्टॅलियन्सपासून दिलेल्या शिंगरांची कमाई त्याच मापाने मांडतात. समज, पहिला आकडा २ आहे आणि दुसरा अडीच, तर त्या घोड्यांनी इतरत्र याहून चांगली शिंगरे दिली आणि स्टॅलियनने त्यांच्या जोरावर नाव कमावले, असा सरळ अर्थ. पहिला दीड आणि दुसरा १ असेल, तर सामान्य घोड्यांपासूनही त्याने सरस शिंगरे दिली. हा घोडा मला अधिक आवडेल. आपल्याकडे संख्या लहान आहे, त्यामुळे एका स्टॅलियनसाठी हा हिशेब तू वही घेऊन एका संध्याकाळी करू शकशील, आणि मालकांपुढे ठेवायला त्याहून बरा कागद नाही.

काळाचाही हिशेब कर. २०२६ च्या हंगामात फळवलेली घोडी २०२७ मध्ये व्याते; ते शिंगरू २०२९ च्या अखेरीस दोन वर्षांचे असताना पहिल्यांदा धावते; आणि आपली इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असल्यामुळे त्याला ती फेब्रुवारी २०३१ मध्ये मिळते. मालक आज ज्या यशाकडे पाहत आहेत, ते पाचसहा वर्षांपूर्वीच्या घोड्यांचे आणि त्या वेळच्या फीचे फळ आहे. नवा स्टॅलियन पहिल्या वर्षी नवलाईमुळे भरगच्च असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मुले अजून धावायची असताना, चांगल्या घोड्या त्याच्याकडे जाईनाशा होतात. स्वस्तात चांगले रक्त मिळण्याची जागा पुष्कळदा तीच असते.

आता सर्वांत गंभीर भाग. एकाच घराण्याचे रक्त सगळीकडे भरले की काय होते, हे इंग्लंडने सेंट सायमनच्या बाबतीत पाहिले आहे. १८८१ साली जन्मलेला हा अजिंक्य घोडा नऊ वेळा अव्वल स्टॅलियन ठरला; त्याच्या मुलामुलींनी देश भरून गेला, आणि मग त्याच्या मुलांना त्याचे रक्त नसलेल्या घोड्याच मिळेनात. काही दशकांतच त्याची पुरुषपरंपरा इंग्लंडमध्ये मागे पडली. ती पुन्हा उमलली ती इटलीत, फेदेरिको तेसिओ यांनी पैदास केलेल्या रिबो या घोड्याच्या रूपाने. नॉर्दर्न डान्सरच्या बाबतीत आज आपण त्याच वाटेवर बरेच पुढे आलो आहोत. २०२० साली जगभरच्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेडच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९७ टक्के पेडिग्रींमध्ये नॉर्दर्न डान्सर आढळला, आणि गेल्या अर्धशतकात आंतरप्रजनन (नात्यातल्या घोड्यांची आपसांत पैदास) वाढत गेल्याचे दिसले. थरोब्रेडची वंशनोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या जॉकी क्लबने त्याच वर्षी एका स्टॅलियनला हंगामात १४० घोड्यांची मर्यादा घालणारा नियम केला, मोठे फार्म कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये नियम मागे घेतला गेला. जातीचे दीर्घकालीन हित आणि यंदाच्या फीचे उत्पन्न आमनेसामने आले की काय जिंकते, ते तिथे स्पष्ट दिसले.

हे दूरदेशीचे प्रकरण समजू नकोस. १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरलेला आणि सपशेल मागे पडलेला रझीन नंतर भारतात उषा स्टडवर आला आणि आपल्याकडचा एक थोर स्टॅलियन ठरला; तो थेट नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. त्याच स्टडवर पुढे मल्टिडायमेन्शनल आला आणि तोही अव्वल झाला. तो डेनहिलचा मुलगा, डेनहिल डॅन्झिगचा आणि डॅन्झिग पुन्हा नॉर्दर्न डान्सरचाच. आता रझीनची मुलगी मल्टिडायमेन्शनलकडे नेली असे धर. शिंगराच्या पेडिग्रीत नॉर्दर्न डान्सर बापाकडून चौथ्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीत येतो, आणि एवढ्या एका पूर्वजापोटी आंतरप्रजननाचा गुणांक दीड टक्क्याच्या किंचित वर भरतो. हा आकडा भिण्यासारखा नाही. पण डेनहिलच्या स्वतःच्या पेडिग्रीत नताल्मा दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत आहे, आणि पाचव्या-सहाव्या पिढीतल्या जुन्या पूर्वजांची भर वेगळीच. पाच पिढ्यांचा छापील कागद ही सगळी भर दाखवत नाही. म्हणून मागे जाऊन मोजणी कर, आणि ज्या घोडीच्या आईकडे हे रक्त आधीच दाट आहे, तिच्यासाठी निराळे घराणे शोध. नॉर्दर्न डान्सरच्या घराण्याबाहेरच्या मिस्टर प्रॉस्पेक्टर या स्टॅलियनचा मुलगा प्लेसरव्हिल पूनावाला स्टडवर येऊन यशस्वी झाला, हे याच दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते.

पेडिग्रीवर एवढे लिहिले. पण शिंगरू कागदावर उभे राहत नाही. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन मान्य नसल्यामुळे घोडी प्रत्यक्ष स्टॅलियनपुढे उभी करावीच लागते, आणि तुझे बरेचसे काम टीझर घोड्यापुढे ती माजावर आहे का हे पाहण्यात आणि अंडाशयावरची बीजाची पुटिका कधी फुटेल याचा अंदाज बांधण्यात जाईल. चौदाव्या-पंधराव्या दिवशीचे स्कॅन कधी पुढे ढकलू नकोस. जुळे दिसले तर एक गर्भ तेव्हाच हाताने दाबून काढता येतो, उशीर झाला तर बहुधा दोन्ही जातात. घोडी निवडताना तिला कठीण जमिनीवर चालवून पाहा. तिचे पुढचे गुडघे मागे झुकलेले असतील, तर तोच दोष असलेल्या स्टॅलियनकडे, त्याच्या नावावर कितीही डर्ब्या असल्या तरी, तिला पाठवू नकोस. आपल्या कडक ट्रॅकवर असा पाय फार दिवस टिकत नाही, आणि मोडलेल्या पायाच्या घोड्याच्या वाट्याला येणारे दिवस मोतद्दाराला ठाऊक असतात, मालकाला क्वचितच. जाता जाता सांगतो: निवृत्त घोडे लस आणि सीरम बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला देण्याच्या प्रथेतूनच सायरस पूनावाला यांना १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढण्याची कल्पना सुचली. तिथवर पोचणारा घोडा भाग्यवान म्हणायचा.

मालकांनी निवडलेल्या चार घोड्यांची नावे तू लिहिली आहेस, पण वये कळवली नाहीस. प्रत्येकीचे वय, आतापर्यंतची शिंगरे आणि त्यांचे बाप, रिकामे गेलेले हंगाम, आई व आजी यांची धावण्याची नोंद, आणि समोरून व बाजूने घेतलेले पायांचे फोटो एवढे पाठव. हंगाम १५ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हे माझ्या हाती आले तर बुकिंगच्या आधी आपल्याला नीट बोलता येईल.

तुझा,
काका