वायरचं नेट बंद, वायफाय चालू: रीइन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

रीइन्स्टॉल अजिबात करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच अर्धं निदान आहे.

लिनक्स मिंट आणि विंडोज एकाच डेस्कटॉपवर आहेत, अपडेट झाल्यापासून वायरचं नेट गेलंय, पॅनेलवर 'केबल जोडलेली नाही' असं दिसतंय, केबल बदलूनही फरक नाही आणि त्याच राउटरचं वायफाय मात्र नीट चालतंय, असं तुम्ही लिहिलंय. वायफाय चालतंय म्हणजे राउटर आणि बाहेरचं कनेक्शन ठीक आहे. आणि 'केबल जोडलेली नाही' असा संदेश येतोय म्हणजे सिस्टीमला नेटवर्क कार्ड दिसतंय, त्याला ड्रायव्हरही मिळालाय. फक्त पलीकडून सिग्नल येत नाहीये. त्यामुळे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था), आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक), नेटवर्कच्या सेटिंग फाइल्स यांना आत्ता हात लावू नका. चालू असलेल्या गोष्टी बदलत बसलं की नंतर मूळ दोष कुठे होता तेच कळेनासं होतं.

आधी खात्री करून घ्या. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'आयपी लिंक' (ip link) ही कमांड द्या. वायरच्या इंटरफेसचं, म्हणजे सिस्टीमला दिसणाऱ्या वायरच्या जोडणीचं, नाव बहुधा 'ईएनपी'ने (enp) सुरू होईल. त्या ओळीत कोनी कंसातले शब्द वाचा. तिथे 'नो-कॅरिअर' (NO-CARRIER) असेल तर माझा अंदाज बरोबर. सगळं ठीक असतं तेव्हा तिथे 'अप'च्या (UP) जोडीला 'लोअर-अप' (LOWER_UP) दिसतं. इंटरफेसच यादीत नसेल तर मात्र प्रकरण वेगळं, त्याबद्दल खाली लिहितो.

आता कॉम्प्युटरच्या मागे जिथे केबल घुसते तिथले बारीक दिवे बघा. दोन्ही विझलेले असतील तर केबलचं राउटरकडचं टोक दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहा. केबल बदलताना बहुतेक जण पोर्ट तोच ठेवतात. शक्य असेल तर तीच केबल, तोच पोर्ट आणि दुसरा लॅपटॉप अशी जोडी लावा. लॅपटॉपवर नेट आलं की केबल आणि राउटर दोन्ही निर्दोष.

मग उरतात दोन संशयित, आणि माझा पहिला संशय विंडोजवर आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं. अशा वेळी काही कार्डं कमी विजेच्या अवस्थेत अडकतात आणि नंतर लिनक्सला ती जागी करता येत नाहीत. नुसत्या रीस्टार्टने हे सुटेलच असं नाही, कारण मदरबोर्डला वीज मिळतच राहते. मशीन बंद करा, पॉवर केबल भिंतीतून काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबा आणि मग थेट लिनक्समध्ये बूट करा. दिवे लागले तर दोषी सापडला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून टाका.

दुसरा संशयित अपडेटमधून आलेला नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. मशीन सुरू होताना कोणती सिस्टीम चालवायची ते विचारणाऱ्या ग्रब मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर नेट चाललं तर नव्या कर्नलच्या ड्रायव्हरमध्येच गडबड आहे. पुढचं अपडेट येईपर्यंत जुना कर्नल वापरायला काही हरकत नाही.

इंटरफेसच दिसत नसेल तर 'एलएसपीसीआय' कमांडला 'के' पर्याय जोडून (lspci -k) चालवा. ईथरनेट कार्डाच्या नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असायला हवी. रिअलटेकच्या कार्डांत इथे एक नेहमीची गोची होते. कर्नलमध्ये आर८१६९ हा ड्रायव्हर असतोच, पण कुणीतरी सुचवलं म्हणून आर८१६८ या दुसऱ्या ड्रायव्हरचं डीकेएमएस पॅकेज (कर्नलबाहेरचा ड्रायव्हर त्या त्या कर्नलसाठी बिल्ड करणारं) टाकलेलं असतं. कर्नल बदलला की ते नव्याने बिल्ड व्हावं लागतं. ते बिल्ड फसलं आणि पॅकेजने आर८१६९ लाही अडवून ठेवलेलं असलं की कार्ड ड्रायव्हरविना राहतं. पॅकेज त्याच्या सेटिंगसकट, म्हणजे 'पर्ज' करून काढा आणि रीबूट करा.

'लोअर-अप' आलं तरी साइट उघडत नसतील तर वायफाय बंद करूनच पुढची तपासणी करा. ते चालू राहिलं तर पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते पाहणारा छोटा संदेश) तिकडून जाईल आणि वायर सुधारली असा गैरसमज होईल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून आयपी मिळालेला नाही. राउटरला पिंग जातंय, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यालाही जातंय, पण नावाने साइट उघडत नाही, अशी स्थिती असेल तरच डीएनएसकडे वळा.

यातून सुटलं नाही तर 'आयपी लिंक' आणि 'एलएसपीसीआय'चं पूर्ण आउटपुट इथे टाका. सोबत 'डीमेसेज' (dmesg) कमांड दाखवते त्या कर्नलच्या नोंदींमधल्या इंटरफेसच्या नावाच्या ओळीही द्या. आणि केबल काढून पुन्हा घातल्यावर तिथे नवी ओळ उमटते का, तेही सांगा. एकही ओळ उमटत नसेल तर आपण कार्डाच्या हार्डवेअरकडे बघू.